आधी आपला राउटर उलटा करा

‘नवख्यांना हॅकिंगमधलं काही सांगूच नका’ हे अनेकदा ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. सप्टेंबर २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामच्या कर्त्याने त्याचा अख्खा सोर्स कोड उघड्यावर टाकला आणि ज्यांना त्यातली एक ओळ लिहिता आली नसती, तेही बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या उपकरणांची फौज) चालवू लागले. ते चूकच. पण मिराई घुसायचा कसा? ‘ॲडमिन-ॲडमिन’ छापाच्या साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या कॅमेऱ्या-राउटरवर आजमावून! हे तर घरोघरी सांगायला हवं.

अकरावीतल्या भाच्याने विचारलं, “मामा, शेजाऱ्यांचं वायफाय कसं फोडायचं?” म्हटलं, आधी आपलं बघ. राउटर उलटा केला, तर स्टिकरवरचाच पासवर्ड अजून चालू. गडी दोन तास सेटिंगमध्ये रमला. शेजारी वाचले (त्या दिवसापुरते तरी).