गॅलरीत सात वेळा २०१९

नाना: सर्वांस नमस्कार. नवीन फोनमध्ये जुने मेमरी कार्ड टाकले. फोटो आले, पण गॅलरीत माझे सगळे फोल्डर फुटले आहेत. एकात एक ठेवले होते ते बाहेर येऊन रांगेत उभे राहिले. २०१९ नावाचा फोल्डर सात वेळा दिसतो. कोणता कशाचा, ते उघडल्याशिवाय कळत नाही. बंटीने सवडीने पाहावे.

ताई: नाना बंटी झोपलाय, रविवार आहे

धाकटे काका: आमच्याकडे उलटं झालंय. फोल्डर आहे, फोटो गायब

अक्का: नाना मी काय म्हणते तू फोल्डर बिल्डर नंतर बघ आधी मला माईचा एक फोटो शोधून दे ज्यात तिच्या हातातल्या पाटल्या नीट दिसतात सोनार म्हणतो नक्षी दाखवा तशीच करून देतो मी म्हटलं वेल होती तर म्हणतो आजी वेल सतरा प्रकारची असते आता तोंडी काय सांगणार आणि लग्न वीस दिवसांवर आलंय

काकू: वन्सं, वेल नव्हती. जाळी होती.

अक्का: वेल होती

काकू: बरं.

अक्का: मोडल्या तेव्हा सगळ्यांनी वजनच बघितलं नक्षी कोणी बघितली

ताई: अक्का झालं ते झालं, फोटो शोधूया ना

(आमच्या फ्लॅटच्या वेळी मोडल्या असं कोणीतरी म्हणायच्या आत मी मधे पडले, पुढचं महाभारत नको)

वहिनी: ताई हा मेसेज ग्रुपवरच आलाय 😂

ताई: अरे देवा. सॉरी काकू

काकू: असू दे गं. माहितीये सगळ्यांना.

दादा: नाना इतका खटाटोप कशाला करता, सगळं गुगल फोटोजवर चढवा आणि सर्चमधे बांगडी टाका. फोल्डर वगैरे आता कोणी करत नाही. इकडे आमचे १८ हजार फोटो आहेत, एक फोल्डर नाही, सगळं तारखेने खाली खाली जातं

वहिनी: आणि परवा पासपोर्टचा फोटो शोधायला पाऊण तास लागला ते पण सांग

दादा: सापडला ना शेवटी

वहिनी: माझ्या फोनमधे

अक्का: बांगडी नाही पाटली

ताई: मी टाकून बघितलं, बांगडी. पिंकीच्या मेंदीचे फोटो आले ४० आणि एक वांग्याच्या कापांचा आला, गोल आहेत म्हणून असेल. आणि त्या चेहरे ओळखण्याच्या भानगडीत तर माझ्या ॲपने अक्का आणि माई एकच माणूस धरलंय. म्हणजे माईच्या नावावर टिचकी मारली की अर्धी अक्काच येते, ती पण चाळिशीतली, अंबाड्यात फूल वगैरे

अक्का: मी माईसारखी दिसते असं सगळेच म्हणतात त्यात त्या ॲपचं काय चुकलं

नाना: शोध यंत्रावर मी विसंबत नाही. माझ्या कार्डात २०१२ पासूनचे फोटो वर्गवार लावलेले आहेत. ३१ वर्षे रेकॉर्ड रूममध्ये काढली ती उगाच नाही. कचेरीत कागदाचे वर्ग असत. अ म्हणजे कायम. ब म्हणजे ३० वर्षे. क मध्ये काही १० वर्षे, काही ५. आणि ड म्हणजे एक वर्ष, मग नाश. तेच मी फोटोंना लावले. अ मध्ये लग्न, मुंज, बारसे, वाडा, गेलेली माणसे. ब मध्ये गणपती, सहली, बावधनचे बगाड. क मध्ये शेताचे बांध, विम्याचे कागद, औषधाच्या चिठ्ठ्या. ड मध्ये लाईट बिले, गॅसचे नंबर आणि दादा रोज पाठवतो ती सुप्रभात.

दादा: मी?

वहिनी: हो तू

ताई: पण नाना ड वर्ग एक वर्षाने उडवायचा ना मग कार्ड भरलंच कसं

नाना: नाश परस्पर करता येत नाही. यादी करून साहेबांची मंजुरी घ्यावी लागते.

ताई: घरात साहेब कोण?

नाना: तुझी आई. ती यादी वाचतच नाही.

बंटी: उठलो. नाना काही फुटलेलं नाहीये. गॅलरी बंद करा, फाईल्सचं ॲप उघडा, तिथे मेमरी कार्ड, आत फोटो, आत ब, आत गणपती, आत २०१९. आहे का?

नाना: आहे. सर्व जागच्या जागी आहे.

बंटी: मग झालं. गॅलरी काय करते, अख्खा फोन हुंगते, ज्या फोल्डरमधे डायरेक्ट फोटो आहेत तेवढेच उचलून आणते आणि त्याचं फक्त शेवटचं नाव पाटीवर लिहिते, वरचे बाप आजोबा दाखवतच नाही. तुमचं गणपतीच्या आतलं २०१९, दिवाळीच्या आतलं २०१९, बगाडाच्या आतलं २०१९, सगळ्यांचं शेवटचं नाव एकच. म्हणून सात जुळे

नाना: म्हणजे रुमाल कपाटात आहे पण चिठ्ठीवरची शेवटचीच ओळ वाचली जाते.

बंटी: रुमाल?

नाना: कागदांचे गठ्ठे कापडात बांधतात, त्याला रुमाल म्हणतात. पुण्यात पेशवे दफ्तरातले कागदही रुमालातच आहेत. आमच्याकडे रुमालावर चिठ्ठी असे. तिच्यावर वर्ग, गाव, वर्ष, सगळे. कारण रुमाल एकदा कपाटातून बाहेर काढून टेबलावर ठेवला की तो कुठल्या कपाटातला हे चिठ्ठीवरूनच कळणार.

बंटी: बास, हेच करायचं. आतल्या फोल्डरचं नाव नुसतं २०१९ ठेवू नका, २०१९ गणपती असं पूर्ण ठेवा. मग गॅलरीने कुठेही उधळू दे. दुसरा उपाय म्हणजे फोल्डरात फोल्डर दाखवणारी गॅलरी टाकायची, फॉसिफाय नावाची आहे, फुकट, जाहिराती नाहीत, तिच्यात सबफोल्डर एकत्र दाखवा असं एक ऑप्शन आहे, ते टिक केलं की आत आत जाता येतं. पण नावं तरी बदलाच, उद्या फोन बदलला की परत तेच

दादा: मी म्हणतो महिन्याने करा. वर्ष, आत महिना. सोपं

वहिनी: हो का? २०२२ ला गणपती ३१ ऑगस्टला बसले. म्हणजे बाप्पा आले ऑगस्टच्या फोल्डरमधे आणि गौरी सप्टेंबरच्या, आणि एकवीस मोदक कुठल्या महिन्यात ते तूच शोध

दादा: मी फक्त सुचवलं

बंटी: महिना नावात लिहायचा, फोल्डर करायचा नाही. आणि नाना तारीख उलटी लिहा, आधी वर्ष मग महिना मग दिवस. तुम्ही ०२-०९-२०१९ लिहिता त्यामुळे सगळ्या वर्षांच्या दोन तारखा एका ठिकाणी गोळा होतात. २०१९-०९-०२ लिहिलं की आपोआप ओळीने लागतं. आकडे एकतर सगळे इंग्रजी नाहीतर सगळे मराठी, मिसळ केली तर अर्धे वर अर्धे खाली

नाना: नोंद घेतली.

धाकटे काका: माझं कोणी बघतंय का? मी दिवाळीत सगळ्यांना पाठवलेले फोटो एका नवीन फोल्डरमधे नेले, दिवाळी नाव दिलं. फाईलमधे दिसतात. गॅलरीत फोल्डरच येत नाही

बंटी: काका कुठून नेले? व्हॉट्सॲपच्या सेंट फोल्डरमधून का

धाकटे काका: हो. अख्खा फोल्डरच कॉपी केला, एकेक कोण निवडणार

बंटी: मग त्याच्याबरोबर एक लपलेली फाईल पण आली असणार, तिचं नाव टिंब नोमीडिया. ती ज्या फोल्डरमधे असते तो गॅलरी वाचत नाही, मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर पाठवलेला प्रत्येक फोटो गॅलरीत दोनदा दिसेल. फाईल्सच्या सेटिंगमधे हिडन फाईल्स दाखवा करा, तुमच्या दिवाळी फोल्डरमधली तेवढी एक फाईल उडवा. फक्त तुमच्या फोल्डरमधली हां, मूळची नाही. मग फोन एकदा बंद चालू करा

धाकटे काका: आले!! सगळे आले

काकू: आता मला एकटीला निवडून पाठवा, मागच्या वेळी सगळ्यात माझे डोळे मिटलेले होते.

अक्का: बंटी बाळा माझ्याकडे माईच्या लग्नाचा फोटो आहे पण फोन दाखवतो मागच्या दिवाळीचा आता मागच्या दिवाळीत माईचं लग्न कसं होईल

बंटी: अक्काआजी तो कोणीतरी इथे ग्रुपवर पाठवला होता. इथून आलेल्या फोटोवर काढल्याची तारीख राहत नाही, आलेल्या दिवसाची लागते. नावात डब्ल्यूए दिसलं की समजायचं की पाहुणा आहे, घरचा नाही

अक्का: त्या फोटोत पाटल्या आहेत पण पदराखाली

नाना: अ वर्ग संपूर्ण पाहिला. माईचे १४० फोटो आहेत. सगळ्यांत चेहरा आहे, हात नाहीत. मुंजीत हात पदरात, बारशात बाळाखाली, बाकी सगळीकडे नमस्कार. वाड्यातला जात्यावरचा फोटो आहे त्यात हात हलल्यामुळे पुसट.

ताई: फोटो काढताना हात कोण बघतं

दादा: मी पण बघितलं, माझ्याकडे पण चेहरेच आहेत. व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट तर नुसतं कपाळ

वहिनी: माईंना फोन कानाला लावायची सवय होती ना, व्हिडिओ कॉलला पण. अर्धा वेळ कानच दिसायचा

अक्का: मग मी सोनाराला सांगते वेल काढ म्हणून

काकू: जाळी.

(दुपारी)

नाना: नावे बदलायचे काम सुरू केले. सातही २०१९ एकेक उघडून, आत काय आहे ते पाहून नाव देत आहे. तीन झाले.

ताई: नाना जेवलात का

नाना: चौथा उघडला. गणपती असेल म्हणून उघडला, तर लाईट बिले निघाली. ड वर्ग. पाहत होतो.

नाना: थांबा जरा.

नाना: [फोटो]

ताई: अय्या

वहिनी: माईंचे हात

दादा: हे काय आहे नाना

नाना: मे २०१९ चे बिल. ग्राहक क्रमांक वाचता यावा म्हणून फोटो काढत होतो. कागद गुंडाळला जात होता म्हणून माईला म्हटले, धर. ती उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी ताणून धरला आहे. चेहरा आला नाही, बिलाला त्याची गरज नव्हती.

बंटी: झूम करा सगळ्यांनी. उजव्या हाताची पाटली एकदम फोकसमधे आहे, बिलापेक्षा पण जास्त

काकू: जाळी आहे.

अक्का: जाळी आहे पण जाळीतून वेल गेलीये बघ नीट कडेने बारीक पानं आहेत मी म्हटलं ना वेल

काकू: आहे. पानं आहेत.

अक्का: आणि अंगठ्याला विळी लागलेली ती पट्टी पण आहे फणस कापताना लागली होती मीच बांधली होती

वहिनी: नखांना हळद

बंटी: अक्काआजी सोनाराला इथून पुढे ढकलू नका, इथे आला तेव्हाच फोटो दाबला गेलाय, मूळ फोटोत पानं जास्त स्पष्ट असतील. नाना मूळ फोटो मेमरी कार्डातून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पिनच्या चिन्हात डॉक्युमेंट आहे, मग जशाच्या तसा जातो

नाना: पाठवतो. आता प्रश्न असा की हा फोटो ठेवायचा कोणत्या वर्गात. बिलात राहिला तर ड. माईचा धरला तर अ. दोन्हीकडे ठेवला तर दोन प्रती होतात आणि पुढे मूळ कोणती हा वाद.

दादा: यासाठीच अल्बम असतात नाना. आयफोनमधे फोल्डरात फोटो जातच नाही, अल्बम जातो, फोटो सगळे एकाच ढिगात आणि तोच फोटो चार अल्बममधे दिसतो, जागा एकदाच खातो

बंटी: गुगल फोटोजला पण तसंच आहे. तुमच्या फोनच्या गॅलरीत मात्र अल्बम म्हणजेच फोल्डर, तिथे हलवा म्हटलं की खरंच हलतो. घोळ तिथे होतो

नाना: म्हणजे फोल्डर हे कपाट आणि अल्बम ही रजिस्टरातली नोंद. कागद एकाच कपाटात, नोंदी हव्या तितक्या. हे आधी सांगितले असते तर दोन वाक्यांत समजले असते.

बंटी: मी मागच्या गणपतीत सांगितलं होतं

नाना: तेव्हा तू अल्बम म्हणालास. रजिस्टर म्हणाला नाहीस.

ताई: मग ठेवताय कुठे?

नाना: तूर्त आहे तिथेच. फोल्डरचे नाव बदलले. २०१९-०५ लाईट बिले, माईचे हात. आणि ड वर्गाच्या नाशाची यादी रद्द केली आहे. सगळी बिले आधी एकेक उघडून पाहावी लागतील.

वहिनी: दादाच्या सुप्रभात पण?

नाना: त्यांना मंजुरीची गरज नाही.

अक्का: नाना बिल किती होतं रे तेव्हा

नाना: ६४० रुपये. मुदतीत भरले आहे.