बाबांचा अशक्तपणा वयामुळे की उदासीमुळे?

धाकटी: बाबा ७४ वर्षांचे. सहा महिन्यांपासून औषधाची बाटली झाकण उघडायला न बोलता माझ्याकडे सरकवतात. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. फिरणं बंद, मित्रांचे फोनही उचलत नाहीत. उदास वाटतं का विचारलं तर म्हणतात, "उदास कसला गं? अंगात त्राणच नाही." डॉक्टर म्हणाले, वय झालं. मला पटत नाही. अंग गळाल्यामुळे मन खचतं, की उलट?

फिजिओताई: दोन्ही बाजूंनी होतं. ताकद गेली की पडायची भीती बसते, मग माणूस घराबाहेर पडत नाही, एकटा पडतो. मन खचलं की हालचाल थांबते आणि स्नायू आणखी झिजतात. मुठीची ताकद मोजून घ्या. वयानुसार स्नायू झिजण्याच्या २०१९च्या आशियाई निकषांनुसार पुरुषांत २८ किलोंच्या खाली आणि बायकांत १८च्या खाली असेल तर ती कमी धरतात. घरी पाहायचं तर हातांची छातीवर घडी घालून पाच वेळा उठबस. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तपासणी हवीच. तुम्ही अगदी शेजारी उभ्या राहा.

आणि "वय झालं" हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातल्या माणसांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तर मांड्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली!

थोरला_मुलगा: आईचं अगदी असंच होतं. ती कधी रडली नाही, फक्त "थकले" म्हणायची. उतारवयात नैराश्य बरेचदा असंच दिसतं. आम्ही आधी थायरॉइड, बी१२ आणि हिमोग्लोबिन तपासलं. मग मानसोपचारतज्ज्ञांनी हो-नाहीचे १५ प्रश्न विचारले. गोळ्या सुरू झाल्या, सोबत आठवड्यातून तीनदा व्यायाम. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली, तिथून उठबस. पुढे उशी काढली. व्यायाम चालू झाला म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. आणि "जगून काय करू" असं काही बोलले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

धाकटी: दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी तपासण्या आहेत. आज उठबस करून पाहिली. हाताची घडी घालून दोनच झाल्या, तिसरीला हात टेकले. मी घड्याळ खाली ठेवलं तर म्हणाले, "उद्या परत बघू या का?"