विमान सुटले, पण त्यात कोण बसले?

परदेशी पैशावर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची एखाद्या देशात अडवणूक झाली, तर ‘लष्करी मदत रोखण्याची तंबी दिली की यजमान सरकार नमते’ असे म्हटले जाते; हा मुद्दा इजिप्तच्या बाबतीत मला अर्धाच पटतो. डिसेंबर २०११ मध्ये कैरोतील अशा परदेशी संस्थांवर छापे पडले, त्यांच्या ४३ कर्मचाऱ्यांवर खटला भरला गेला, आणि अमेरिकेची वर्षाची १३० कोटी डॉलरची लष्करी मदत पणाला लागल्यावर मार्च २०१२ मध्ये प्रवासबंदी उठून इजिप्तमध्ये अडकलेले बहुतेक परदेशी आरोपी जामिनावर विमानाने बाहेर पडले. त्यांतल्या एकाचे वडील तर तेव्हा अमेरिकेचे वाहतूकमंत्रीच होते. त्याच कार्यालयांतील स्थानिक कर्मचाऱ्यांसाठी असे विमान आले नाही. जून २०१३ मध्ये सर्व ४३ जण दोषी ठरले, आणि निर्दोष सुटकेला डिसेंबर २०१८ उजाडले.

शिवाय अडवणुकीसाठी छापेच लागतात असेही नाही. पुण्यातील एका छोट्या सामाजिक संस्थेचे हिशेब मी पाहतो. (तिचे काम वसतिगृहाचे, राजकारणाशी संबंध शून्य.) एफसीआरए या परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या भारतीय कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या शाखेतच स्वीकारावी लागते, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. अशा नियमांविरुद्ध एखाद्या राजदूताने निषेधाचा खलिता नेमका कशाबद्दल धाडावा?