कामठीचा तांबूस वालुकाश्म: साक्ष हवामानाची की जमिनीच्या हालचालीची?

कन्हानकाठ

नमस्कार. मी नागपुरात भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. नुकतीच आमच्या वर्गाची क्षेत्रभेट कामठी आणि सिल्लेवाडा परिसरात झाली. एकोणिसाव्या शतकात मिशनरी व भूअभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनी ज्या वालुकाश्मातून ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे गोळा केले, तोच हा लोहयुक्त, तांबूस-पिवळा, मध्येच गोट्यांच्या ओळी असलेला खडक. त्याच्या खाली बराकर या जुन्या थरसमूहाचे करडे वालुकाश्म आणि कोळशाचे थर आहेत, हे आम्हांला बोअरहोलच्या (जमिनीत पाडलेल्या खोल छिद्रांच्या) नोंदींवरून दाखवण्यात आले.

माझा प्रश्न या दोहोंमधल्या बदलाविषयी आहे. पर्मियन कालखंडाच्या (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) अखेरीस हवामान उष्ण आणि कोरडे होत गेले, दलदली आटल्या, कोळसा तयार होणे थांबले आणि लालसर वाळू साचू लागली, असे एक स्पष्टीकरण आहे. द्रोणीच्या (गाळ साचत गेलेल्या खोलगट प्रदेशाच्या) कडेचे प्रस्तरभंग (ज्या भेगांवर खडक सरकतात त्या) पुन्हा हलले, कडेचा प्रदेश उंचावला आणि उतार वाढल्यामुळे नद्या जाड वाळू व गोटे आणू लागल्या, असे दुसरे आहे. अडचण अशी की दोन्ही मतांचे लोक पुरावा म्हणून त्याच खडकाकडे बोट दाखवतात. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूतून जमिनीच्या हालचालीची खूण हवामानाच्या खुणेपासून वेगळी कशी काढावी?

वालुकण

प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम रंग बाजूला ठेवा. वालुकाश्माचा तांबडेपणा कणांवर बसलेल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि ते लेपन वाळू साचल्यानंतर, कित्येकदा ती गाडली गेल्यावर किंवा पुन्हा उघडी पडल्यावर, भूजलाच्या वावरामुळेही होऊ शकते. त्यामुळे केवळ रंगावरून हवामान ठरवणे धोक्याचे आहे. मातीच्या जुन्या थरांत मुळांच्या खुणा किंवा चुन्याच्या गाठी सापडल्या, तर तो हवामानाचा कितीतरी भरवशाचा पुरावा ठरतो.

जमिनीच्या हालचालीसाठी मी पहिला पुरावा प्रवाहदिशेचा मानतो. वालुकाश्मातील तिरकस थर ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला पाणी वाहत होते. अशी अनेक मोजमापे घेऊन, थरांचा आजचा कल वजा करून, त्यांची सरासरी काढावी लागते. हवामान कोरडे झाले म्हणून नदीचे पाणी घटेल, पूर अनियमित होतील, पण तेवढ्याने संपूर्ण प्रदेशाचा उतार फिरत नाही. तो फिरवायला जमीनच उचलावी किंवा खचावी लागते. आपल्या दक्षिणेकडचे प्राणहिता-गोदावरी खोरे याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील गोंडवन (कामठी व बराकर ज्यात मोडतात त्या मोठ्या थरसमूहाच्या) वालुकाश्मांमध्ये प्रवाह ढोबळमानाने उत्तर ते वायव्य दिशेने असल्याचे आढळते, तर आजच्या वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्या दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे वाहतात. म्हणजे मधल्या काळात या प्रदेशाचा उतार उलटला. पूर्व किनारा अंटार्क्टिकापासून सुटणे आणि पश्चिमेकडील भाग उंचावणे, या दोन्ही घटना त्या उलटण्याच्या पार्श्वभूमीवर आहेत. नदीचा गाळ ही नोंद जपून ठेवतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

दुसरा पुरावा कणांच्या घटकांचा. १९७९ मध्ये डिकिन्सन आणि सुचेक यांनी क्वॉर्ट्‌झ, फेल्स्पार (क्वॉर्ट्‌झपेक्षा सहज कुजणारे खनिज) आणि खडकांचे तुकडे यांच्या प्रमाणावरून वाळू कोणत्या भूविवर्तनी (जमिनीच्या हालचालींच्या) परिस्थितीतून आली असेल, हे ओळखण्याची त्रिकोणी आलेखाची पद्धत मांडली. जुन्या स्थिर भूखंडावरून आलेली वाळू क्वॉर्ट्‌झने भरलेली असते, तर नुकत्याच उचललेल्या ग्रॅनाइटी पायावरून आलेल्या वाळूत फेल्स्पार भरपूर असते. पद्धत उपयुक्त आहे. मात्र विद्यार्थी त्या आलेखावर आपला ठिपका कोठे पडला एवढेच पाहून निष्कर्ष काढतात, ते मला मान्य नाही.

तिसरा पुरावा झिरकॉनचा. या खनिजातील युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून प्रत्येक कणाचे वय काढता येते आणि अनेक कणांची वये एकत्र मांडली की वाळूचा उगम दिसू लागतो. येथे आपल्या भागातली एक मेख ध्यानात ठेवा. पूर्व घाटाच्या उच्च तापमानातील रूपांतरणाचे (उष्णता व दाबाने खडक बदलण्याचे) वय सुमारे ९५ ते १०० कोटी वर्षे आहे, आणि आपल्या उत्तरेच्या सौसर पट्ट्यातही साधारण त्याच काळाच्या रूपांतरणाच्या तारखा मिळतात. त्यामुळे कामठीच्या वाळूत १०० कोटी वर्षांचे झिरकॉन सापडले, तरी ते आग्नेयेकडून आले की उत्तरेकडून, हे वयावरून ठरणार नाही. शिवाय रामटेकच्या टेकडीचा क्वॉर्टझाइट हीसुद्धा मूळची वाळूच; तिच्यातले झिरकॉन अधिक जुन्या खडकांचे असतील आणि टेकडी झिजताना ते पुन्हा नव्या वाळूत जातील. प्रवाहदिशेची मोजमापे हाताशी नसतील, तर झिरकॉनची महागडी तारीख तुम्हांला अर्धीच वाट दाखवेल.

इरईचा गोटा

वालुकण यांच्या दुसऱ्या मुद्द्याला एक जोड देते. फेल्स्पार भरपूर दिसले म्हणजे कडेचे डोंगर उचलले गेले, असा थेट अर्थ काढता येत नाही, आणि त्याचा दाखला गोंडवनाच्या तळाशीच आहे. चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी हिमनदीने ओरखडलेला चुनखडकाचा पृष्ठभाग आणि त्यावरचा तालचीरचा (गोंडवनाच्या तळाच्या थरसमूहाचा) गोटाश्म प्रसिद्ध आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या हिमकाळात रासायनिक झीज जवळपास थांबलेली असल्यामुळे फेल्स्पार कुजले नाही, ताजेच्या ताजे गाळात उतरले. त्यासाठी एकही प्रस्तरभंग हलण्याची गरज नव्हती. उलट उष्ण आणि दमट हवेत, उतार कमी असेल तर, उंचावलेल्या ग्रॅनाइटची वाळूदेखील क्वॉर्ट्‌झबहुल होऊ शकते. म्हणून प्रथम त्याच थरातील पंकाश्माचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) रासायनिक विश्लेषण करून झिजेची तीव्रता तपासावी. नेस्बिट आणि यंग यांनी १९८२ मध्ये मांडलेला झीज-निर्देशांक त्यासाठीच आहे.

सीम नंबर तीन

मी आयुष्यभर विदर्भातल्या कोळसा खाणींत भूवैज्ञानिक म्हणून काम केले, आता निवृत्त आहे. सूक्ष्मदर्शकापेक्षा माझा विश्वास बोअरहोलवर अधिक आहे, म्हणून त्या बाजूने सांगतो.

कोळशाचा जाड थर हाच मुळात खचण्याचा दस्तऐवज आहे. दलदलीत वनस्पतींचा थर वाढत जातो त्याच वेगाने जमीन खाली जात राहिली, तरच तो टिकतो. जमीन हळू खचली तर वनस्पतिद्रव्य उघडे पडून कुजते. वेगाने खचली तर दलदल पाण्याखाली जाते आणि तिच्यावर चिखल साचतो. वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी १५ मीटरहून जाड कोळसा आहे, आणि वनस्पतिद्रव्य दबून कोळसा होताना त्याची जाडी कित्येक पटींनी घटते. हे ध्यानात घेतले, म्हणजे बराकरच्या काळात येथील जमीन किती दीर्घकाळ आणि किती समतोलपणे खचत होती याची कल्पना येईल.

आता प्रस्तरभंगांविषयी. खाणीत आम्ही प्रत्येक फॉल्टचा, म्हणजे प्रस्तरभंगाचा, थ्रो (थर किती खाली सरकला ते अंतर) मोजतो. एखाद्या फॉल्टने कोळशाची सीम (थर) जेवढी खाली टाकली आहे, तेवढाच कामठीचा तळही खाली टाकला असेल आणि कामठीची जाडी दोन्ही बाजूंना सारखीच असेल, तर तो फॉल्ट कामठीनंतरचा आहे आणि कामठीच्या वाळूशी त्याचा कार्यकारण संबंध लावता येत नाही. सीमचा थ्रो जास्त आणि कामठीच्या तळाचा कमी असेल, तर हालचालीचा काही भाग कामठी साचण्यापूर्वी झाला. आणि फॉल्टच्या खचलेल्या बाजूला कामठी स्वतःच जाड होत असेल, तर वाळू साचत असतानाच फॉल्ट हलत होता, असे निःशंक म्हणता येते. दोन मतांमधला निवाडा करायला यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही.

याशिवाय कामठी सर्वत्र बराकरवर टेकत नाही. काही ठिकाणी ती त्याहून जुन्या थरांवर थेट बसलेली आहे. म्हणजे मध्ये झीज झाली होती, काही ठिकाणी बराकर खरवडून गेला होता. नुसत्या कोरड्या हवेने कोळसा बनणे थांबले असते. आधी साचलेले थर उघडे पाडून नेण्यासाठी मात्र जमीन पाण्याच्या पातळीच्या तुलनेत वर यावी लागते. माझे मत त्यामुळे हालचालीच्या बाजूला झुकते, तरी हवामान बदलले नव्हते असे मी मुळीच म्हणत नाही.

कन्हानकाठ

तिघांचेही मनापासून आभार. काका, तुमची थ्रोची कसोटी मी वहीत आकृतीसह उतरवून घेतली आहे. एक उपप्रश्न: द्रोणी कशी खचत गेली याचा आलेख काढताना थरांची आजची जाडी घेऊन चालेल का?

वालुकण

चालणार नाही. ताज्या वाळूत सुमारे ४० टक्के आणि ताज्या चिखलात त्याहून बरीच अधिक पोकळी असते. वरच्या ओझ्याने ती दबते. म्हणून वरून एकेक थर हिशेबातून काढून, खालच्या थरांना त्यांची मूळ जाडी परत द्यावी लागते, आणि गाळाच्या वजनाने झालेले खचणेही वेगळे काढावे लागते. उरलेल्या वक्राचा आकार बोलका असतो. पृथ्वीचे कवच ताणले गेले असेल, तर सुरुवातीला वेगाने आणि पुढे मंदावत जाणारे खचणे दिसते. मॅकेन्झी यांच्या १९७८ च्या मांडणीनुसार सुमारे ६ कोटी वर्षांत हा वेग मूळच्या साधारण एक-तृतीयांशावर येईल, अशा मानाने हे मंदावणे होते. शेजारच्या वाढत्या पर्वताच्या भाराने कवच वाकले असेल, तर उलट खचण्याचा वेग वाढत जातो. कामठीच्या तळाशी थरांच्या नोंदीत खंड पडलेला असल्यामुळे तुमचा वक्र तेथे तुटेल. ती तूट रेघ ओढून बुजवू नका, तशीच दाखवा.

सीम नंबर तीन

एक राहिले. पुढच्या वेळी जाल तेव्हा कामठीच्या अगदी तळाचे गोटे फोडून पाहा. सगळे गोटे क्वॉर्ट्‌झचे आणि पट्टिताश्माचे (पट्टे असलेल्या रूपांतरित खडकाचे) असतील, तर ते दूरच्या जुन्या खडकांवरून आले असे समजा. पण त्यांत करड्या वालुकाश्माचे किंवा कोळशाचे तुकडे निघाले, तर बराकर त्या वेळी घट्ट होऊन वर आलेला होता आणि झिजत होता, हे तुमच्या हातातच असेल. गोटे निदान शंभर मोजा, आणि प्रत्येक जातीची संख्या जागेवरच लिहा.