‘रिटार्गेटिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: त्रिमितीय ॲनिमेशनमध्ये एका पात्रासाठी केलेली हालचाल वेगळ्या सांगाड्याच्या पात्राला देण्याच्या प्रक्रियेस ‘रिटार्गेटिंग’ म्हणतात. विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहिताना मी ‘हालचालींचे हस्तांतरण’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे का?

उत्तर: ‘हस्तांतरण’ मला पटत नाही. हस्तांतरणात वस्तू न बदलता दुसऱ्याकडे जाते आणि पहिल्याकडे उरत नाही. येथे मूळ हालचाल जागच्या जागी राहते आणि नव्या सांगाड्यावर उतरताना तिला बदलावेच लागते. समजा, मूळ पात्राचे पाय ९० सेंटिमीटर आणि नव्याचे ६० सेंटिमीटर आहेत. सांध्यांचे कोन आणि कमरेचे स्थान जसेच्या तसे उचलले, तर ठेंगणे पात्र अधांतरी तरंगते, आणि नुसती उंची जुळवून घेतली तरी कमर त्याच्या पायांना झेपणार नाही इतकी पुढे सरकत असल्याने पावले जमिनीवर घसरतात. म्हणून कमरेचे सरकणे दोन तृतीयांश करावे लागते, आणि तरीही पाऊल टेकते किंवा हात वस्तूला लागतो ते क्षण इन्व्हर्स किनेमॅटिक्सने (हातापायाचे टोक कुठे हवे ते ठरवून त्यावरून सांध्यांचे कोन काढण्याच्या पद्धतीने) पुन्हा नेमके साधावे लागतात. संशोधक मायकेल ग्लायकर यांनी १९९८च्या सिग्राफ या संगणकीय चित्रणाच्या परिषदेत हा विषय मांडला, तेव्हा सांगाड्याची रचना एकच आणि फक्त अवयवांची लांबी वेगळी, एवढेच गृहीत होते. आज कण्यात तीन हाडे असलेल्या पात्राची हालचाल पाच हाडांच्या कण्यावर न्यावी लागते. अनरियल इंजिन ५ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सुट्या हाडांऐवजी हाडांच्या साखळ्या (उदा. पूर्ण कणा) जुळवतात. एका पात्राची मूळ (हालचाल नसतानाची) स्थिती हात आडवे पसरलेली आणि दुसऱ्याची हात तिरपे खाली असलेली असेल, तर ती आधी एकसारखी करून घ्यावी लागते, हे टिपणात अवश्य सांगावे.

एवढा फेरफार ज्या शब्दात सामावतो, असे क्रियापद मराठीत आहेच: ‘बसवणे’. आपण नाच बसवतो, गाण्याला चाल बसवतो, आणि दोन्ही ठिकाणी समोरच्याच्या अंगाचा किंवा शब्दांचा विचार त्यात आलेला असतो.

प्रश्नकर्ता: ‘बसवणे’ आवडले, परंतु मथळ्यासाठी नाम हवे आहे.

उत्तर: मथळ्यात ‘हालचालींचे अनुकूलन’ लिहून कंसात ‘रिटार्गेटिंग’ द्यावे, कारण सॉफ्टवेअरच्या पडद्यावर विद्यार्थ्याला तोच शब्द दिसणार आहे. ‘पुनर्लक्ष्यीकरण’ मात्र टाळावे. त्यातून हालचालीचा बोध होत नाही. मजकुरात ‘धावण्याची ही हालचाल ठेंगण्या पात्रावर बसवा’ असे सरळ लिहिता येईल.