मॅन्युअल शिकायला थेट मस्टँग जीटी? माझ्या मते काहीच हरकत नाही

मिशिगनकर

आमच्या घरात गेले तीन आठवडे हाच एक विषय चालू आहे, म्हणून इथे मांडतो. लेकीने दोन उन्हाळे इंटर्नशिप करून पैसे साठवलेत आणि तिला २०१६ ची मस्टँग जीटी घ्यायची आहे, सहा गिअरची मॅन्युअल. अडचण अशी की तिला मॅन्युअल येत नाही. ती इथे मिशिगनमधल्या नोव्हायला वाढली, ऑटोमॅटिकवर शिकली, परीक्षाही ऑटोमॅटिकवरच दिली. इथल्या लायसनवर तसा काही फरक नसतो, त्यामुळे उद्या ती ही गाडी घेऊन हायवेला लागली तरी कायदा अडवणार नाही.

घरातले आणि ओळखीतले बहुतेक सगळे म्हणतात, आधी एखादी जुनी छोटी मॅन्युअल घे, हात बसव, मग मस्टँगचं बघ. मला हे पटत नाही. शिकायचंच आहे तर त्याच गाडीत शिकावं.

मी साताऱ्यात मारुती ८०० वर शिकलो. ७९६ सीसीचं इंजिन, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, जेमतेम ६० न्यूटन-मीटर. क्लच जरा लवकर सुटला की गाडी बंद. पोवई नाक्याच्या चढावर मागे एसटी उभी आणि माझी गाडी तीनदा बंद पडलेली, तो घाम मला अजून आठवतो. मस्टँगच्या पाच लिटरच्या व्ही-८ चा टॉर्क आहे ५४२ न्यूटन-मीटर. तो सगळा खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, मिळत नाही हे मान्य, पण तळाशी जेवढा असतो तेवढाही पुरतो. सपाट जागेवर अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता नुसता क्लच सावकाश सोडला की गाडी आपोआप चालू लागते. शिवाय चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी दोन-तीन सेकंद धरून ठेवायची सोय आहे. नवशिक्याच्या निम्म्या भीतीचं कारण इथेच संपतं.

दुसरं म्हणजे प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या जागी पकडतो. जुन्या गाडीवर तीन महिने पाय बसवायचा आणि मग मस्टँगवर पुन्हा पहिल्यापासून शोधायचा, यात काय मिळवलं?

विरोधी मतं ऐकायची आहेत. मोकळेपणाने लिहा.

कात्रजचा मास्तर

बावीस वर्षं पुण्यात गाडी शिकवतोय. तुमच्याशी पूर्ण असहमत.

मारुती बंद पडायची म्हणूनच तुम्ही शिकलात, हे तुमच्या लक्षात येत नाहीये. छोटं इंजिन चूक झाली की तिथल्या तिथे सांगतं. आवाज खाली बसतो, गाडी थरथरते, पाय आपसूक थांबतो. पंधरा दिवसांत शिकणाऱ्याचा कान तयार होतो. मग मीटरकडे बघावं लागत नाही, घाट चढताना गिअर कधी उतरवायचा हे कानाला कळतं. तुमचं व्ही-८ चूक पोटात घालतं. क्लच अर्धवट दाबून ठेवला तरी ओढतं, दुसऱ्याऐवजी चौथा पडला तरी कुरकुरत का होईना ओढतं. शिकणाऱ्याला वाटतं, जमलं! तिकडे क्लचप्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांवर घासून तापत असतात. वास आला तेव्हाच कळणार, आणि वास आला म्हणजे प्लेटचं आयुष्य कमी झालेलं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. माझ्या गाडीत माझ्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. गेल्या बावीस वर्षांत किती वेळा माझा पाय शिकणाऱ्याच्या आधी खाली गेला, ते मोजलेलं नाही. तुमच्या मस्टँगमध्ये तुम्ही शेजारी बसून काय करणार? हँडब्रेक ओढणार?

एस-दोनहजार

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून. मी मॅन्युअल शिकलो तेच होंडा एस २००० वर, कारण ती मॅन्युअलशिवाय मिळतच नव्हती. म्हणून दोघांनाही एक सांगतो: 'ताकदवान स्पोर्ट्स कार' असं एकच काही नसतं.

माझी गाडी २४० घोड्यांची (हॉर्सपॉवरची), पण दोन लिटरच्या इंजिनातून, टर्बोशिवाय. लाल रेघ, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याची वरची मर्यादा, ९,००० आरपीएमला. सगळी मजा वरच्या मजल्यावर. टॉर्क २०८ न्यूटन-मीटर, तोसुद्धा ७,५०० आरपीएमला पोहोचल्यावर. खाली काहीच नाही. क्लच सोडताना रेस कमी पडली की बंद, जास्त झाली की झटका. पहिल्या आठवड्यात एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी ती इतक्या वेळा बंद पाडली की सुरक्षारक्षक विचारपूस करायला आला. तेव्हा मिशिगनकरांचा मुद्दा बरोबर आहे, पण मस्टँगपुरता. नवशिक्याला मदत घोड्यांची होत नाही, तळाच्या टॉर्कची होते. हे धागा वाचून भलतीच गाडी घेणाऱ्यांसाठी लिहिलं.

मात्र मास्तरांच्या यादीत मी एक भर घालतो. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात घाईत भलत्या रेघेत गेला आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर क्लच सोडल्याबरोबर चाकंच इंजिनाला फिरवायला लागतात. आरपीएम लाल रेघेच्या पुढे जातो. इंजिनाचा कॉम्प्युटर फार तर इंधन तोडेल, पण चाकांकडून येणारा वेग तो थांबवू शकत नाही. वाकलेल्या व्हॉल्व्हचं बिल भरलं की गिअर टाकताना मनगट सैल ठेवायला माणूस शिकतो. मी भरलंय.

खंबाटकी

मिशिगनकर, तुम्ही वडील आहात, मीही आहे. क्लचची चर्चा छान चाललीय, पण ४३५ घोडे आणि वीस वर्षांचं वय याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.

गाडी जागेवरून हलवणं हा शिकण्यातला पहिला दिवस. पुढचं शिक्षण वळणावर असतं. मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी, रस्ता ओला, दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताय, क्लच झटक्याने सुटला. त्या क्षणी मागच्या टायरांची पकड वळण घेण्यात आधीच खर्च झालेली असते. वरून झटका आला की मागची बाजू निघालीच. खालचा गिअर टाकताना तर आणखी वाईट. रेस न देता क्लच सोडला की इंजिन मागच्या चाकांना एकदम अडवतं, हँडब्रेक ओढल्यासारखं. ऑटोमॅटिकमध्ये ही चूक करायची संधीच मिळत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत ही चूक केली तर डोकी पुढे आपटल्यासारखी हलतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

माझ्या भाच्याने अशीच एक ताकदवान गाडी घेतली होती. नाव घेत नाही, दोष गाडीचा नव्हता. पावसात, सांभाळून चालवत असताना, एका साध्या डाव्या वळणावर ती फिरून दुभाजकावर गेली. त्याला मानेचा पट्टा सहा आठवडे होता. तो म्हणतो, 'मामा, मी वेगात नव्हतो रे.' नव्हताच. त्याच्या पायाला क्लचची सवय नव्हती.

तुमच्या त्या मस्टँगमध्ये नुसते पुढचे ब्रेक धरून मागची चाकं जागेवर फिरवत टायर जाळायची सोय कंपनीनेच दिलेली आहे. ती गाडी कशासाठी बनवलीय हे त्यावरून कळतं. शिकण्यासाठी नक्की नाही.

लीड्सहून

इथल्या नियमाची माहिती, कारण उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन फक्त ऑटोमॅटिकचं. मॅन्युअल चालवायची तर तुम्ही पुन्हा शिकाऊ. एल पाटी लावायची, शेजारी २१ वर्षांवरचा, तीन वर्षं लायसन असलेला माणूस हवा, आणि शेवटी मॅन्युअलवर परीक्षा द्यायची. मला हा नियम योग्य वाटतो. अमेरिकेत तो नसेल तर घरात पाळावा.

तिसरा पेडल

मी या धाग्यातल्या लेकीसारखीच. डॅलसला राहते, वयाच्या चोविसाव्या वर्षी कमॅरो एसएसवर मॅन्युअल शिकले. ४२६ घोडे, ६.२ लिटर. शिकवायला नवरा होता, तो पनवेलला वॅगनआरवर शिकलेला.

मास्तरांचा 'चूक पोटात घालते' हा मुद्दा मला उलटा वाटतो. पहिल्या दोन दिवसांत गाडी सतत बंद पडली असती तर मी सोडून दिलं असतं. माझ्या ओळखीत तिघींनी असंच सोडलंय, चौकात मागून हॉर्न ऐकून. गाडीने मला धीर दिला आणि त्या धीरावर मी पुढचं बारकाईने शिकले. एका गोष्टीने मात्र मला फार छळलं. हळू चालवताना पहिल्यातून दुसऱ्यात जायला दांडा खाली ओढायची आणि तो थेट चौथ्यात जाऊन बसायचा. आठवडाभर मला वाटत होतं, माझाच हात चुकतोय. मग कळलं, मायलेजच्या चाचणीत आकडा बरा यावा म्हणून कंपनीने तशी योजनाच केली आहे. हलक्या पायाने, ठरावीक वेगाच्या टप्प्यात गिअर बदलला की दुसऱ्याची वाट अडवली जाते. जरा जास्त रेस देऊन बदलला की दुसरा नीट पडतो. मॅन्युअल मिळायची त्या कॉर्व्हेटमध्येही हेच होतं. नवशिक्याला आधी सांगायला हवं.

खंबाटकी काका, तुमची काळजी खोटी नाही. पण मुलगा हीच गाडी मागत असता तर लोकांनी 'सांभाळून चालव रे' म्हणून विषय संपवला असता, हेही मी पाहिलंय. तिने स्वतः कमावलेत पैसे.

खंबाटकी

तिसरा पेडल, मुलगा-मुलगी हा प्रश्न माझ्यापुरता नाही. ज्याच्या गळ्यात सहा आठवडे पट्टा होता तो मुलगाच होता.

मिशिगनकर

सगळ्यांचे प्रतिसाद लेकीबरोबर बसून वाचले. दोनदा.

खंबाटकींचं पहिलं म्हणणं मान्य करतो. माझ्या लेखात गाडी हलवण्यापलीकडचं काही नव्हतं. ते सुटलं कारण माझ्या डोक्यात अजून पोवई नाकाच होता. गाडी बंद पडू नये म्हणजेच शिकणं, असं मी धरून चाललो होतो. खालच्या गिअरचा मुद्दा वाचून लेकीनेच म्हटलं, 'बाबा, हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं.' नव्हतं सांगितलं. मारुतीत मला त्याची गरजच पडली नव्हती.

तरीही मूळ मत बदललेलं नाही. २०१२ पासूनच्या इथल्या प्रत्येक गाडीला घसरण सावरणारी यंत्रणा सक्तीची आहे, या गाडीलाही आहे. ओल्या रस्त्यासाठी वेगळा मोडही आहे. १९९२ च्या डॉज व्हायपरसारखी ही गाडी नाही, चारशे घोडे आणि साधं एबीएससुद्धा नाही. यंत्रणा सगळं सावरेल असं म्हणत नाही, पण नवशिक्याच्या एका चुकीची शिक्षा ती नक्की हलकी करते. आणि छोट्या गाडीवर शिकली असती तर वळणावरची ती सवय तिथेही लागली नसतीच. खंबाटकींनीच लिहिलंय, तिथे फक्त डोकी हलतात. म्हणजे मस्टँगवर आल्यावर ती याबाबतीत नवशिकीच असती, आणि वर तिला वाटलं असतं की आपल्याला येतं. मला त्या वाटण्याची जास्त भीती आहे.

कात्रजचा मास्तर

हा शेवटचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. माझ्याकडून शिकून गेलेली मुलं मोठी गाडी घेतात तेव्हा हेच होतं, हे मी पाहिलंय. तरी मी मस्टँगवर शिकवणार नाही. माझा पाय तिथे पोचत नाही, आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नाही.

पण तुम्ही ठरवलंच असेल तर एवढं करा. पहिले दोन तास अ‍ॅक्सिलरेटर बंद. नुसत्या क्लचवर गाडी हलवायची, थांबवायची, पुन्हा हलवायची. पन्नास वेळा. क्लच कुठे पकडतो ते टाचेला कळलं पाहिजे. गिअर बदलून झाला की डावा पाय क्लचवरून उचलून बाजूला. पाय ठेवून चालवायची खोड लागली की जन्मभर जात नाही. तिसरा गिअर आठवडाभर नको. खालचा गिअर टाकायचा तो सरळ रस्त्यात, वळण यायच्या आधी. गाडी थोडी तापली की दहा मिनिटं बंद करून ठेवा, प्लेट थंड होऊ द्या. आणि पाऊस पडत असेल त्या दिवशी घरी बसा.

एस-दोनहजार

टायर बघून घ्या. या गाड्यांना बऱ्याचदा उन्हाळी टायर असतात. तापमान ५-७ अंशांच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक होतं आणि कोरड्या रस्त्यावरही पकड जाते. मिशिगनमध्ये एप्रिलची सकाळ म्हणजे तेच तापमान.

मिशिगनकर

उन्हाळीच आहेत, आत्ता गॅरेजमध्ये जाऊन बघितलं. हो, गाडी काल आली.

शनिवारी अंदाज १४ अंशांचा आणि कोरडा आहे. लेकीची शाळा होती तिथलं पार्किंग सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं, दुपारी तिथे जातोय. मास्तर, हँडब्रेकवर माझा हात असेल. ते उत्तर पुरेसं नाही हे मला माहीत आहे, म्हणून दोन तास संपेपर्यंत दुसरा गिअरही नाही.