चिकन फ्लेवरच्या पाकिटात चिकन नसतं, मग लेकरांचं जेवण त्यावर का भागवायचं?

भुईमूग_लातूर
क्लासेसच्या भागात संध्याकाळी एक बॅच सुटते, दुसरी भरते. मधल्या वेळात लेकरं टपरीवर चिकन फ्लेवरचं कुरकुरीत पाकीट फोडतात अन् उभ्या-उभ्या संपवतात. रूमवरची काही पोरं तर त्यावरच रात्र काढायलेत.

पाकीट उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा नियम आहे. आधी मका, तांदूळ नाहीतर बटाटा, मग पामतेल, मग मसाला. बहुतेक पाकिटांवर हिरवा ठिपका असतो, म्हणजे मांसाचा कणही नाही. चव येते यीस्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे यीस्टचा अर्क, सोयासारख्या वनस्पतीचं हायड्रोलाइझ्ड म्हणजे फोडलेलं प्रोटीन आणि ६२७, ६३१ या नंबरांनी छापलेल्या चव वाढवणाऱ्या पदार्थांतून. १०० ग्रॅमला साधारण ५३०-५५० कॅलरी, ३३-३५ ग्रॅम फॅट, आणि प्रोटीन जेमतेम ६-७ ग्रॅम. वाढत्या वयात हे पोटाला आधार नाही, पोट भरल्याचा भास आहे.

किराणावाला_चौक
भाऊ, माझं दुकान तिथंच आहे. दहा रुपयांच्या पाकिटात माल किती, तर वीस-पंचवीस ग्रॅम. १०० ग्रॅमला ७०० मिलिग्रॅम सोडियम धरलं तरी एका पाकिटात पावणेदोनशे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत ठेवा म्हणते. शेजारच्या गाड्यावर सकाळच्याच तेलात रात्रीपर्यंत भजी निघतात, त्यावर कुणी धागा काढत नाही. माझ्या मालावर तारीख अन् आकडे तरी छापलेत.

भुईमूग_लातूर
काका, भज्याचं बरोबर बोललात. पण पोरं एका पाकिटावर थांबत नाहीत. तीन खाल्ली की ४०० कॅलरी, पंचवीसेक ग्रॅम फॅट अन् प्रोटीन पाचच्या आसपास. तेवढं प्रोटीन मूठभर शेंगदाण्यात मिळतं.

आकडे_बघा
शेंगदाण्यात फॅट पाकिटापेक्षा जास्त असतं, १०० ग्रॅमला ४९. ते का सांगत नाही? फॅटवरून पाकिटाला शिव्या अन् शेंगदाण्याला हार, असं चालणार नाही.

अंबाजोगाईची_ताई
फॅट कोणतं तेही बघा की दादा. पामतेलातलं जवळपास निम्मं सॅच्युरेटेड असतं, शेंगदाण्यातलं पाचव्या हिश्श्याहून कमी. वर प्रोटीन १०० ग्रॅमला २५. तरी फॅट नकोच असेल तर फुटाणे खा. मूठभर फुटाण्यात पाचेक ग्रॅम प्रोटीन अन् तेल नावाला.

माळकरी_घर
आमच्या घरात माळ आहे. ६३१ माशापासूनही काढतात असं ऐकून आईनं ही पाकिटं बंदच केली.

अंबाजोगाईची_ताई
माशापासूनही निघतं, साबुदाण्याचा कंद आंबवूनही बनवतात. हिरवा ठिपका असेल तर ते प्राण्यापासूनचं नसावं असा कायदा आहे. मांसाहाराला तपकिरी त्रिकोण असतो. आईला हा फरक दाखवा. बाकी बंद केलंय ते चांगलंच केलंय.

नीट_रिपीटर
तुम्ही सगळे घरी बसून लिहायलेत. मेसचा डबा सातला येतो, बॅच नऊला सुटते, तोवर भाजी आंबलेली असते. चिकन समजून आम्ही कुणी खात नाही, भूक लागते म्हणून खातो. रूममालक शेगडी ठेवू देत नाही. पाकिटाऐवजी अंडं खावं म्हटलं तर उकडायचं कुठं?

परभणी_शाळा
२०२० च्या नियमानं जास्त फॅट-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात अन् फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. आधी तेवढं पाळा.

किराणावाला_चौक
मॅडम, इथं क्लास आहेत, शाळा नाही. आणि मी फुटाणे ठेवून बघितलेत. पावसाळ्यात बरणीत मऊ पडले, नुकसान माझं. पाकिटवाल्यांचा माणूस रॅक देतो, तारीख गेलेला माल बदलून नेतो. फुटाण्याला कोण बदलून देणार?

भुईमूग_लातूर
हे पटलं काका. बरणी नको, भट्टीवाल्याकडून रोज तेवढेच ताजे घ्या अन् दहा-दहाच्या पुड्या बांधून गल्ल्यापाशी ठेवा. @नीट_रिपीटर, तुझ्या रूमवरची पोरं घेतील का, तेवढं विचारून इथं सांग.

नीट_रिपीटर
खारे असतील तर घेतील. नऊला दुकान उघडं पाहिजे फक्त.